इंजिनाला दिलेला जुलाब

मिजिदने ट्रकची सीट उलटून मागे टाकली, आत हात घालून तेलाच्या तोंडावरचं झाकण फिरवून काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा, चिकट थर बसला होता. त्याने त्यात अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा तसाच राहिला.

"बघ दादा," तो म्हणाला. "झाकणाला एवढं, तर पोटात किती असेल?"

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी चष्मा काढून पुसला. शाळेच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला. इंजिनाबद्दल मी वाचलंय, पण वाचलेलं असणं आणि माहीत असणं यांत किती अंतर आहे ते मला त्या दिवसाआधीही ठाऊक होतं.

मिजिद हा माझ्या धाकट्या बहिणीचा, दुलमाचा नवरा. त्यांचा हिवाळी तळ पिवळ्या खिंडीच्या पलीकडे. त्या वर्षी लोखंडी झूड, म्हणजे जनावरं मारणारा हिवाळा, पडला होता. हिवाळ्याच्या तोंडाशी बर्फ पडला, मग एक दिवस भलतंच ऊन पडून तो वितळला, आणि त्याच रात्री सगळं परत गोठलं. गवत बर्फाखाली काचेतल्यासारखं दिसत होतं, पण तोंडाला लागत नव्हतं. मेंढ्या खुरांनी बर्फ खरवडायच्या आणि त्यांच्या पायांतून रक्त यायचं. बहुतेक शेजारी शरद ऋतूतच आपापले ट्रक भरून दूरच्या कुरणांवर निघून गेले होते. मिजिद मागे राहिला, कारण त्याचा ट्रक तेव्हाच खोकत होता.

आता मी राहतो त्या तालुक्याच्या गावात सरकारी मदतीच्या गवताच्या गाठी आल्या होत्या. त्यांतला मिजिदच्या वाट्याचा ढीग कार्यालयाच्या अंगणात पडून होता. गावातली मोकाट गुरं त्याला तोंड लावत होती. परवा वादळ येणार असं रेडिओ सांगत होता, आणि वादळ आलं की खिंड वसंतापर्यंत बंद. दुलमाच्या मेंढ्यांच्या पोटात कोकरं होती. ते गवत उद्यापर्यंत खिंडीपलीकडे गेलं पाहिजे, एवढीच गोष्ट होती. आणि ते नेणारा एकच ट्रक होता, माझ्या अंगणात, सीट उलटलेला.

तो लहानसा निळा कोरियन ट्रक. दारावर कुणा कोरियन भाजीवाल्याचं नाव आणि फोन नंबर अजून शाबूत होता. ट्रक बिघडला की मिजिद म्हणायचा, एकदा या माणसाला फोन लावून मनसोक्त शिव्या घालणार आहे. अशा ट्रकांचं इंजिन पुढे नाकात नसतं, ड्रायव्हरच्या बुडाखाली असतं.

मेकॅनिक गावात नव्हता. म्हणून मी शारवकाकांना बोलावलं. हे सामूहिक शेतीच्या दिवसांत ट्रॅक्टर चालवायचे. आता ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"काय मास्तर," फाटकातूनच त्यांनी आवाज दिला, "पुस्तकात काय लिहिलंय?"

"मेकॅनिककडे न्या, असं लिहिलंय."

"मग पुस्तकाला सांगा, मेकॅनिक बायकोच्या बाळंतपणाला शहरात गेलाय."

त्यांनी झाकण घेतलं, थोडा गाळ नखाने खरवडून बोटांत चोळला, हुंगला.

"मिजिद, हे इंजिन आहे की दारुड्याचं पोट? तेल कधी बदललंस?"

"बदलतो की. कमी झालं की वरून ओततो."

"त्याला बदलणं म्हणतात? तुझ्या बायकोने शिळ्या चहावर ताजा चहा ओतला तर पिशील?"

"ती तेच करते," मिजिद म्हणाला. "मी पितो."

शारवकाका हसले, पण डोळे झाकणावरच होते. "रात्रभर चालू ठेवतोस ना?"

हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे हिवाळ्यात इंजिन बंद करत नाहीत. वर बुरणुसाची झूल टाकायची आणि रात्रभर दारात घुरघुरत ठेवायचं. बंद केलेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन, हे इथलं मूल चालायला लागायच्या आत शिकतं. पण ओझं न ओढता नुसतं घुरघुरणारं इंजिन कधी पुरतं तापत नाही. आतली वाफ आणि काजळी तेलातच मुरते, आणि तेलाचा गाळ होतो. म्हणजे जे जिवंत ठेवण्यासाठी करतो त्यानेच ते कोंडतं. हे मी वाचलं होतं. मिजिदला सांगून काय उपयोग होता? बंद केलं असतं तर ट्रक मागच्याच हिवाळ्यात गेला असता.

तोवर कुंपणापाशी हाजिद येऊन उभी राहिली होती. तिचं दुकान माझ्या घरासमोर. इंजिनाचं तेल, मेणबत्त्या, पीठ, गोळ्या, सगळं तिच्याकडे मिळतं, आणि सल्ला फुकट.

"कपड्याचा सोडा टाका चमचाभर," ती म्हणाली. "माझ्या भावाने रेडिएटरमध्ये टाकला होता."

"मग?"

"लख्ख झाला. इतका, की भोकं दिसायला लागली."

"तू जा, तुझी चूल विझेल," शारवकाका म्हणाले.

"वोडका तरी टाका. बाबा म्हणायचे, वोडका सगळं सोडवते."

"तुझ्या बाबांचं घर सोडवलं ना तिने. जा, आणि नव्या तेलाचे डबे असतील तेवढे घेऊन ये. डिझेलही आण."

मग ते आमच्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जुलाब द्यावा लागेल. आम्ही ट्रॅक्टरना दर वसंतात द्यायचो. अर्धं तेल काढायचं, तेवढंच डिझेल आत ओतायचं, आणि नुसतं चालू ठेवायचं. डिझेल गाळाला सैल करतं. मग सगळं खाली सोडून द्यायचं. दोनदा केलं की आतडी साफ."

"बस, एवढंच?" मिजिदने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला होता.

शारवकाकांनी बोटं अंगरख्याला पुसली.

"ट्रॅक्टरला एवढंच नव्हतं. नंतर खालचं तेलाचं पातेलं उतरवून जाळी धुवायचो. पंप तेल ओढतो ना, त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. सुटलेला गाळ तिथे जाऊन बसतो."

"मग उतरवू पातेलं."

"तुझ्या या कोरियन पातेल्याचं पॅकिंग थंडीत फाटणार. दुसरं आहे तुझ्याकडे? हाजिदकडे? जिल्ह्याला मिळेल. जाऊन यायला दोन दिवस, तेही रस्ता असला तर."

"परवा वादळ आहे," मी म्हणालो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मीच का सांगितली कोण जाणे.

"म्हणून तर म्हणतो, पातेलं राहू दे," शारवकाका म्हणाले. "जुलाब द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. नाही दिला, तर या गाळाने खिंड चढताना तेल वर जाणारच नाही. आत्ताच तेलाचा लाल दिवा लुकलुकतोय म्हणालास ना?"

"चढावर."

"झालं तर. दिला तर कदाचित जाईल. नाही दिला तर नक्की नाही."

मिजिदने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली होती, हे मला आता सांगता येत नाही, आणि त्याने ती विचारातही घेतली नसावी. तो ट्रकखाली शिरलाच होता.

मी चुलीतले निखारे लोखंडी थाळ्यात घालून आणले. ते पातेल्याखाली सरकवले, म्हणजे आतलं तेल पातळ होईल. काकांनी जुनी दुधाची किटली मागितली. काळं तेल जमिनीवर सांडू द्यायला ते तयार नव्हते. "वसंतात हाच बर्फ झऱ्याला जातो," ते म्हणाले, आणि एक थेंब बाहेर पडला तरी मिजिदच्या खांद्यावर काठी मारायचे. अर्धं तेल काढलं, डिझेल ओतलं, इंजिन चालू केलं.

"ॲक्सिलरेटरला पाय लावशील तर तंगडी मोडीन," काका म्हणाले. "जुलाब दिलेल्या माणसाला पळवत नाहीत."

इंजिन घुरघुरत राहिलं. आम्ही आत जाऊन मीठ घातलेला दुधाचा चहा प्यायलो. वाळल्या दह्याचे खडे चघळत मिजिद सारखा खिडकीपाशी जात होता, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा जातो तसा. मी तसं म्हटलं नाही. चांगलं काही सुचलं की ते बोलावं की नाही, यात माझी वेळ निघून जाते.

मग खालचा बोल्ट उघडला. आधी पातळ काळं आलं, मग घट्ट, आणि त्यातून काळजाच्या तुकड्यांसारखे लिबलिबीत गोळे टपटपत किटलीत पडले. मिजिद ओरडला, "येतंय! येतंय काका!" कुंपणापलीकडून हाजिदने विचारलं, "मुलगा की मुलगी?" त्यावर आम्ही तिघेही हसलो. त्या हिवाळ्यात माझ्या अंगणात कुणी एवढं हसलं नव्हतं.

दुसऱ्यांदा जुलाब दिला तेव्हा गोळे कमी आले. तिसऱ्यांदा द्यायला डिझेल नव्हतं, कारण रस्त्यालाही ठेवायचं होतं. फिल्टर नवा मिळाला नाही. काकांनी जुनाच पेट्रोलमध्ये खळखळून धुतला आणि झटकून बसवला. नवं तेल ओतलं. मिजिदने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि लगेच विझला. इंजिनाचा आवाज बदलला होता. खरखर गेली होती. शिवणयंत्रासारखा मऊ, एकसारखा आवाज येत होता.

मिजिदने काकांचे दोन्ही हात धरले. काकांनी ते सोडवून घेतले.

"अजून काही झालेलं नाही," ते म्हणाले. "जे सुटलं ते सगळं बाहेर आलं असेलच असं नाही. हळू जा."

दुपारभर आम्ही गाठी चढवल्या, वर ताडपत्री बांधली. ट्रक भरल्यावर उंटासारखा वर फुगला. मिजिदच्या मदतीला कुणीतरी हवं होतं, आणि दुलमाला मी शरदानंतर पाहिलं नव्हतं. म्हणून मी निघालो. मदतीला मी, हे ऐकून काकांनी ओठ दाबले.

सकाळी उजाडल्यावर निघालो. वाट सुखाची व्हावी म्हणून हाजिदने लाकडी पळीने ट्रकच्या मागे दूध शिंपडलं. जमिनीवर पडायच्या आधीच त्याचे खडे झाले.

वाटेत मिजिद बोलत होता. तो फारसा बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी त्याला चालणाऱ्या इंजिनाची झिंग चढली होती.

"दुलमा आमच्या वाट्याचं पीठ कालवून मेंढ्यांना घालते. मला सांगत नाही, पण पोतं खाली जाताना दिसतं की. आता मेंढ्या एकमेकींची लोकर खायला लागल्यात, दादा. सकाळी गोठ्यात गेलं की पाठी उघड्या."

"आणि तुम्ही काय खाता?"

"मेलेल्या मेंढ्या," तो म्हणाला. "त्यांच्यावर मांस नसतं, पण असतात भरपूर." मग म्हणाला, "निघताना मला म्हणाली, तू नाही आलास तरी चालेल, गवत पाठव."

"थट्टेने म्हणाली असेल."

"नाही रे दादा. खरंच म्हणाली. मला आवडलं ते."

सीटखालून गरम ऊब येत होती. माझे पाय गारठले होते, पण बसलेल्या जागी मांजरासारखं सुख होतं. दरीच्या तोंडाशी आलो, चढ सुरू झाला, आणि लाल दिवा एकदा लुकलुकला.

दोघांनीही पाहिला. तो विझला. वळणावर परत लागला आणि लागलेलाच राहिला.

"दिवा लागलाय," मी म्हणालो.

"दिसतोय."

"बंद करावं का?"

"आणि?"

"आणि... खाली पाहावं."

"काय पाहू? जाळी चोंदली असेल तर पातेलं उतरवल्याशिवाय निघणार नाही. चाळीस अंश उणे आहे दादा. पातेलं उतरवेपर्यंत हे दगड होईल. इथे बंद केलेलं इंजिन वसंतात उठेल. तू आणि मी वसंतातही उठणार नाही."

"पण तेल नसताना चालवलं तर..."

"माहितीय!" तो ओरडला. आमच्या लग्नकार्यांत, मरणांत, कधीच तो माझ्यावर ओरडला नव्हता. लगेच आवाज खाली आणून म्हणाला, "माथ्यावर फोन लागतो. तिथवर नेतो. काकांना विचारू. माथ्यापासून पुढे उतारच आहे, नुसता घरंगळतही जाईल. माथ्यापर्यंत, बस."

त्यात चूक काय होती? मी नंतर पुष्कळ विचार केला. थांबलो असतो तर इंजिन कदाचित वाचलं असतं आणि गवत तिथेच राहिलं असतं. न थांबता माथा गाठला असता तर इंजिन गेलं असतं आणि गवत पोहोचलं असतं. उभं आयुष्य ज्याने एकच शिकलं, की थंडीत किल्ली उलटी फिरवायची नाही, त्याचा हात किल्लीकडे जाणार कसा? माझाही गेला नाही. मला गाडी चालवता येत नाही, पण किल्ली फिरवायला ते लागत नाही.

मग खालून ठोका आला. आधी वाटलं चाकाखाली दगड आला असेल. परत आला. माझ्या सीटखालून, खोल कुठूनतरी, कुणी आतून दार ठोठावत असल्यासारखा. मिजिद पुढे वाकून स्टिअरिंगला छाती लावून बसला होता, जणू त्याच्या वजनाने ट्रक वर ढकलला जाणार होता. "चल," तो म्हणत होता, "चल माझ्या राणी, चल, थोडंच राहिलंय." माथ्यावरच्या दगडांच्या राशीवर बांधलेली निळी फडकी दिसायला लागली होती.

ठोके जवळजवळ आले, मग एक किंचाळल्यासारखा आवाज झाला, ट्रकला धक्का बसला आणि सगळं गप्प झालं.

अशी शांतता मी ग्रंथालयातही कधी ऐकली नव्हती. वाऱ्याने ताडपत्रीची कड फडफडत होती. मिजिदने किल्ली फिरवली. खट्. परत फिरवली. खट्. हँडब्रेक ओढून तो खाली उतरला आणि मागच्या चाकाला दगड लावला. आत आला तेव्हा हसत होता.

"काकांना सांगायला हवं," तो म्हणाला. "जुलाब लागू पडला."

माथ्यापर्यंत आम्ही चालत गेलो. तिथून त्याने काकांना फोन लावला आणि झालं ते सांगितलं. मग काकांचा आवाज आला, "जाळी." एवढंच. मग फोन त्यांनी ठेवला की लाइन गेली, कळलं नाही. कार्यालयालाही फोन केला. त्यांची एकमेव गाडी दुसऱ्या दरीत बर्फात अडकली होती. परवा बघू, असं ते म्हणाले. वादळ उद्याच होतं.

खिंड ओलांडताना माथ्यावरच्या राशीला, देवाला वाहावा तसा, दगड वाहायची रीत आहे. मिजिदने एक दगड उचलला, हातात तोलला आणि खाली टाकून दिला. मीही वाहिला नाही.

ट्रकपाशी परत येऊन मिजिदने दोन गाठी पाठीवर बांधल्या, मला एक. दुलमाचा तळ पलीकडे खाली होता. माझी गाठ सारखी एका बाजूला घसरत होती आणि मी सारखा थांबत होतो. मिजिद पुढे जाऊन वाट बघायचा. शेवटी त्याने माझ्या गाठीची दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि ती बर्फावरून ओढत नेली. मागे गवताच्या काड्यांची रेघ पडत गेली. मी त्यातल्या काही वेचून खिशात घातल्या, मग ते हास्यास्पद वाटून सोडून दिल्या, मग परत वेचल्या.

दिवस कलताना पोहोचलो. दुलमा गोठ्याच्या दाराशी उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. आमच्या मागे, खिंडीच्या वाटेकडे पाहत होती.

"ट्रक?"

"वर आहे," मिजिद म्हणाला.

"चालू?"

"नाही."

तिने माझ्याजवळ येऊन हातमोजा काढला आणि माझ्या भुवयांवरचा बर्फ झाडला. "दादा, एवढं ओझं घेऊन का आलास? तुझं वय काय?" मग मिजिदला म्हणाली, "गाठी आत घे. दमट होतील." मिजिदला त्यापुढे एका शब्दाने तिने काही विचारलं नाही. तेव्हाच त्याची मान खाली गेली. ट्रकमध्ये गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा एकुलता उंट घेऊन आम्ही तिघे परत वर गेलो. दुलमा म्हणाली होती, उंटाने दोन खेपा केल्या तर अर्धं तरी वादळाच्या आत खाली येईल. अर्ध्यावर निम्म्या मेंढ्या वसंत बघतील. ती चालताना हिशेब बोलत होती. कोणत्या म्हाताऱ्या सोडायच्या, कोणत्या तरण्या वाचवायच्या. तिच्या आवाजात मला बरं वाटावं असं काहीतरी होतं.

माथ्यावरून खाली ट्रक दिसला आणि त्याच्याभोवती काहीतरी हलताना दिसलं.

घोडे होते. कुणाचा तरी मोकाट सोडलेला कळप, दुसऱ्या दरीतला. मालकाने आशा सोडली की घोडे असे सोडून देतात, वाचले तर वाचले. ताडपत्री त्यांनी दातांनी फाडली होती. काहींनी पुढचे पाय ट्रकच्या फळीवर टेकवले होते. त्यांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. दोन-तीन खाऊन झाल्यावर तिथेच आडवे झाले होते आणि उठत नव्हते. रिकाम्या पोटाला एवढं कोरडं गवत सोसलं नव्हतं.

मिजिद ओरडत धावला. त्याने दोरी फिरवली, पाठींवर मारली, लाथा घातल्या. घोडे दोन पावलं सरकायचे आणि परत यायचे. माणसाला घाबरण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. एकाने तर मार खाताना चघळणंही थांबवलं नाही. मीही हात हलवून "हुश, हुश" म्हणत होतो. दुलमा त्या घोड्याच्या तोंडातून गवत ओढून काढत होती आणि शिव्या देत होती. "मेल्या! परक्याचं खातोस! तुझा मालक मरो!" गवत ताणलं जात होतं, ती एका टोकाला, घोडा दुसऱ्या टोकाला.

नंतर आम्ही थांबलो, कारण थांबवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मधल्या दोन गाठी दोरीत अडकून राहिल्या होत्या, आणि फळीच्या कोपऱ्यात थोडं सुटं. ते सगळं आम्ही उंटावर चढवलं. बर्फावर तुडवलेलं दुलमाने अंगरख्याच्या ओच्यात गोळा केलं. मिजिदने ट्रकचं दार उघडं पाहिलं, ते लावलं आणि हात लावून नीट बंद झालं का ते पाहिलं.

उतरताना आकाश पश्चिमेकडून पांढरं होत होतं. एकदा दुलमा म्हणाली, "एवढं सगळ्यांत वाटलं तर कुणीच वाचणार नाही," आणि थोडं पुढे गेल्यावर, "कोणती जगवायची ते मला निवडता यायचं नाही."

गोठ्यापाशी पोहोचेपर्यंत तिने वेगळंच ठरवलं होतं. तिने गवत आत नेलंच नाही. दाराबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला पसरलं आणि दार सताड उघडलं.

"जी उठून येईल तिची," ती म्हणाली.

आम्ही तिघे बाजूला उभे राहिलो. आत मेंढ्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. गवताचा वास आत जायला थोडा वेळ लागला असावा. मग एक उठली, मग तिच्या मागून आणखी काही. त्या लडबडत बाहेर आल्या आणि खायला लागल्या. त्यांच्या पाठी मिजिदने सांगितलं होतं तशा, कातडीपर्यंत उघड्या होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अजून, अजून. आत अंधारात डोळे चमकत होते, आमच्याकडे लागलेले. पण आता कुणी उठत नव्हतं.

दाराजवळ एक काळ्या तोंडाची मेंढी होती. तिने मान वर केली. पुढचे गुडघे टेकवले, मागचा भाग उचलला, थरथरली आणि परत बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच केलं.

मिजिद आत गेला. त्याने तिच्या पोटाखाली हात घालून तिला उभं केलं आणि दाराकडे वळवलं.

"नको," दुलमा म्हणाली.

"येतेय ती. जरा टेकू दिला की येईल."

"सोड तिला, मिजिद."

तो तसाच धरून राहिला. मेंढीचे पाय जमिनीला लागले होते, पण भार त्याच्या हातांवर होता. ती मान ताणून गवताचा वास घेत होती. बाहेर पहिला वारा आला आणि पसरलेल्या गवताच्या काही काड्या उडवून घेऊन गेला.

"मिजिद," ती परत म्हणाली, पण हळू.

त्याने मेंढीला खाली ठेवलं, जपून, आधी मागचे पाय, मग पुढचे. बाहेर येऊन त्याने आत राहिलेल्यांवर दार ओढून घेतलं.